चिऱ्यावरचा गुलमोहर: वाढवायचा कमी, आवरायचा जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, नवं घर बांधलंय. पश्चिमेला पडवी, तिच्यासमोर कंपाउंडच्या भिंतीपर्यंत दहाएक मीटर मोकळी जागा, पलीकडे रस्ता आणि रस्त्याकडेला विजेच्या तारा. वर वीतभर तांबडी माती, खाली चिरा, म्हणजे जांभा दगड. दुपारी तीननंतर पडवीत बसवत नाही. चार-पाच वर्षांत सावली देईल असं शोभेचं झाड हवंय आणि मन गुलमोहरावर बसलंय. खड्डा केवढा, खत कोणतं, घरापासून किती लांब, आणि फुलं कधी येणार?

गुलमोहर लावा, माझी हरकत नाही. लवकर सावली देणाऱ्या शोभेच्या झाडांत तो पहिल्या दोन-तिनांत बसतो. चांगल्या उन्हात लहान झाड वर्षाला मीटर-दीड मीटर सहज चढतं. पण खड्डा काय नि खत काय, तुमचा सगळा घोर झाड वाढेल का याचा आहे, आणि गोव्यात तो करायचं कारण नाही. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मूळचा मादागास्करच्या कोरड्या पानझडी रानातला हा वृक्ष, एवढं पाणी आणि त्यावर लख्ख ऊन मिळालं की बेफाम सुटतो. फांद्या लांबलचक, लाकूड हलकं नि ठिसूळ, मुळं उथळ. मग एखाद्या वर्षी पावसाच्या तोंडावरच्या वाऱ्यात अर्धं झाड गाडीवर येतं. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा रस्तोरस्ती झाडं आडवी झाली होती. गुलमोहराचा माथा नेमका त्याच दिवसांत फुलांनी आणि कोवळ्या पाल्यानं जड झालेला असतो. म्हणून पहिली चार वर्षं खताच्या पोत्यापेक्षा करवतच जास्त लागणार, असं धरून चाला.

दुसरी गोष्ट, लोक झाड पसंत करतात ते मे महिन्यात रस्त्याकडेला बघून, त्यामुळे ती हमखास सुटते. गुलमोहर पान झाडतो. गोव्यात साधारण जानेवारीच्या अखेरीपासून पानं पिवळी पडायला लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नुसता सांगाडा आणि त्यावर लोंबणाऱ्या हात-हातभर काळ्या शेंगा उरतात. एप्रिलच्या उत्तरार्धात फुलं येतात आणि मागोमाग पालवी. म्हणजे शिगम्याच्या दिवसांत, तुमची पडवी तापायला लागते नेमकी तेव्हा, झाडावर सावलीपुरतं पान नसतं. ऑक्टोबरच्या उन्हाला मात्र तो उत्तम, आणि मे महिन्यातही.

मार्च-एप्रिलची सावली हीच खरी गरज असेल तर सोनमोहर किंवा करंज बघा. पिवळ्या फुलांचा सोनमोहर वेगानं गुलमोहराच्या जवळपास जातो, माथा जास्त दाट असतो आणि तो उघडा राहतो तो थोडेच दिवस. करंज आपल्याच नद्यांच्या काठचा. पान टाकतो आणि लगेच चकचकीत कोवळ्या पालवीनं भरून येतो. वेग कमी, पण वाऱ्याला खूपच भरवशाचा. रेन ट्रीचं नाव कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या. ते मैदानाचं आणि हमरस्त्याचं झाड, त्याचा माथा तीस मीटरांपर्यंत पसरतो, तुमचं घर कौलांसकट त्याखाली मावेल. खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर लावलेला ऑस्ट्रेलियन अकेशिया तुमच्या भागात सगळीकडे दिसतो आणि फुकटात उगवतो, तोही अंगणात नको. कदंब सुंदर आणि वेगवान, पण त्याला ओल लागते. कुळागराच्या, म्हणजे पाण्याखालच्या पोफळी-नारळाच्या बागेच्या कडेला तो खुलतो, कोरड्या सड्यावर रडतो. (गोव्यात कदंबाचं नाव सरकारी बसवर जास्त दिसतं आणि अंगणात कमी, याला बहुधा हेच कारण.)

आता जागा. लोकांना वाटतं, सावली हवी तर झाड भिंतीजवळ हवं. सूर्याचा हिशेब वेगळा आहे. एप्रिलच्या मध्यात गोव्यात संध्याकाळी साडेचारला सूर्य क्षितिजापासून तीसेक अंशांवर आणि जवळजवळ बरोबर पश्चिमेला असतो. त्या वेळी आठ मीटर उंच झाडाची सावली बारा-तेरा मीटर लांब पडते. म्हणजे दहा मीटरवरचं झाडही पडवीपर्यंत पोचतं. ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत त्याच वेळेचा सूर्य पश्चिमेपेक्षा स्पष्टपणे दक्षिणेकडे कललेला असतो. हे दोन कोन आणि गुलमोहराचं पान झाडणं एकत्र ठेवून बघा, उत्तर आपोआप मिळतं. ऑक्टोबरात भर पाल्यावर असलेला गुलमोहर नैऋत्येच्या बाजूला, आणि एप्रिलमध्ये पालवलेला करंज समोर पश्चिमेला.

करंज छाटणी सोसतो, लहान माथ्यावर ठेवता येतो, म्हणून तो दहा मीटरच्या पट्टीत भिंत आणि पडवीच्या मध्यावर चालेल. गुलमोहराला तिथं बसवू नका. पूर्ण वाढलेल्या झाडाचा माथा उंचीपेक्षा रुंद असतो, बारा मीटर म्हणजे काही जास्त नाही. भिंतीकडे सरकवलात तर तारांत जाईल, घराकडे आणलात तर कौलांवर. घराची दक्षिणेची बाजू मोकळी असेल तर तिरकस नैऋत्येच्या कोपऱ्यात, घरापासून नऊ-दहा मीटर आणि तारांपासून निदान सात मीटर अशी जागा शोधा. ती निघत नसेल तर तुमच्या प्लॉटवर गुलमोहर बसत नाही, नुसता करंज लावा. सेप्टिक टँक, विहीर आणि जमिनीखालची पाण्याची पाइप यांच्यापासूनही लांबच. मुळं जमिनीच्या वरच्या थरात पसरतात आणि झाड मोठं झालं की फरशी, पेव्हर, हलका कट्टा सगळं उचलतात. त्याच कारणानं खाली हिरवळ लावायचा नाद करू नका.

खड्ड्याबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण सड्यावर झाडं मरतात ती उन्हाळ्यात कमी आणि पावसात जास्त. चिऱ्यात खणलेला खड्डा म्हणजे हौद. बाजू आणि तळ कठीण, पाणी मुरायला वाट नाही. जून-जुलैमध्ये तो तुडुंब भरतो, मुळं श्वास कोंडून कुजतात, आणि ऑगस्टच्या उघडिपीत झाड एकाएकी माना टाकतं. माणूस म्हणतो, पाणी कमी पडलं, आणि वर आणखी पाणी घालतो. म्हणून खड्डा मे महिन्यात खणा आणि निम्मा पाण्यानं भरून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उभंच असेल तर पहारीनं तळ फोडायचा, आणि उताराच्या बाजूला हातभर रुंद चर काढून पाण्याला बाहेर वाट करून द्यायची. चरात चिऱ्याचे तुकडे भरले की तो बुजत नाही.

पुस्तकात मीटर लांब, मीटर रुंद, मीटर खोल असा खड्डा सांगतात. चिऱ्यात मी खोली पाऊण मीटरवर थांबवतो आणि रुंदी दीड मीटर करतो. गुलमोहराची मुळं आडवी पळणारी, त्यांना आडवी जागा द्या. खड्ड्याच्या बाजू कुदळीनं खडबडीत करून दोन-तीन ठिकाणी भेगा पाडा, म्हणजे मुळांना बाहेर जायला फटी मिळतात. भरताना नुसतं शेणखत ओतू नका. मुळं त्या गुबगुबीत जागेतच घोटाळत राहतात, आणि खत कुजून खाली बसलं की झाडही खाली जातं आणि बुंध्याशी पाणी साचतं. तीन भाग बाहेर काढलेली माती नि चिऱ्याचा बारीक चुरा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एवढं पुरे. भरून झाल्यावर जमिनीपेक्षा वीतभर उंच उंचवटा करा, पहिल्या पावसात तो बसतोच.

रोप घेताना उंचीला भुलू नका. नर्सरीत दोन-अडीच मीटर उंच, बारीक पिशवीत कोंबलेला गुलमोहर स्वस्तात मिळतो. त्याचं सोटमूळ पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरून गुंडाळी झालेलं असतं. असं झाड वर झपाट्यानं वाढतं, पण खाली धरून ठेवणारं काही नसतं. मीटरभर उंचीचं, जाडसर खोडाचं रोप घ्या. पिशवी फाडल्यावर कडेला फिरलेली मुळं दिसली तर धारदार सुरीनं दोन-तीन उभे छेद द्या आणि तळाची गुंडाळी सरळ कापून टाका.

घाई नसेल तर बी पेरा. शेजारपाजारच्या एखाद्या चांगल्या, न मोडलेल्या झाडाच्या वाळलेल्या शेंगा मार्चमध्ये आणा. बी दगडासारखं कठीण असतं, नुसतं पेरलं तर महिनोन्महिने तसंच पडून राहतं. डोळ्याची बाजू सोडून दुसऱ्या टोकाला सँडपेपरनं घासून आतला फिका रंग दिसू द्या आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी पेरायचं, न फुगलेलं पुन्हा घासायचं. आठ-दहा दिवसांत कोंब येतो. उंच पिशवीत वाढवलेलं हे रोप पावसात जमिनीत गेलं की मूळ सरळ खाली उतरवतं, आणि थोड्याच वर्षांत विकतच्या उंच झाडाला गाठतं. फांदी लावूनही गुलमोहर होतो, फुलंही लवकर येतात, पण वाऱ्याच्या सड्यावर मला बियाचंच झाड हवं.

लावायचं कधी, यावर दोन मतं ऐकाल. बियाचं लहान रोप मिरगाचा पाऊस लागून जमीन भिजली की लावा. त्याला वारा लागत नाही आणि पूर्ण पावसाळा मुळं धरायला मिळतो. पिशवीतलं मीटरभराचं रोप मात्र मी चवथीच्या सुमाराला लावतो. जुलैचा झोडपणारा पाऊस आणि वारा तोवर सरलेला असतो. आधी लावलं तर ते महिनाभर नुसतं गदागदा हलत राहतं, नवी मुळं तुटत राहतात. चवथीला लावलेल्या झाडाला त्या उन्हाळ्यात पाणी चुकवून चालणार नाही, एवढी अट.

पाणी सोपं आहे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा दोन-दोन बादल्या, हळूहळू मुरेल असं. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्या-दहा दिवसांनी एकदा. तिसऱ्या वर्षापासून बंद. बुंध्याभोवती पातेरा (वाळका पाला) आणि नारळाची सोडणं पसरली की ओल टिकते, पण खोडाला चिकटवून ढीग घालू नका. सड्यावर वाळवी असते, आणि ती असल्या ढिगाची वाटच बघत असते. हातभर जागा मोकळी ठेवा.

खत: दर पावसाच्या सुरुवातीला दोन घमेली शेणखत, तेही पहिली दोनच वर्षं. युरिया अजिबात नको. युरियानं हिरवा जोर येतो, फांद्या पाणचट नि लांब होतात, पुढं मोडतात, आणि फुलं लांबतात. कुणी झाड चार वर्षांत दुमजली घराएवढं करून दाखवलं म्हणून सांगेल. ते झाड आठव्या वर्षी कसं होतं तेही विचारा.

आता खरं काम. पहिल्या वर्षी दोन बाजूंना दोन खुंट ठोकून मऊ कापडाच्या पट्टीनं सैल बांधा, खोड थोडं डोलायला हवं. डोलणारं खोड जाड होतं. घट्ट बांधलेलं झाड आधार काढला की वाकतं. वर्षानंतर खुंट काढून टाका.

बियाचा गुलमोहर सुरुवातीला काठीसारखा सरळ वर जातो, फांद्याच फोडत नाही. लोकांना धीर धरवत नाही. ते डोक्याएवढ्या उंचीवर शेंडा खुडतात, कारण मग लगेच छत्रीसारखा आकार येतो. दिसायला छान, पण चार-पाच फांद्या एकाच जागेतून फुटतात, जाड होताना एकमेकींना ढकलतात आणि त्यांच्यामधली साल आत चेपली जाते. मोडलेली झाडं बघाल तर बरीच नेमकी तिथंच फाटलेली दिसतील. शेंडा खुडू नका. तीन मीटरांच्या पुढं तो स्वतःच फांद्या धरतो.

दरवर्षी फेब्रुवारीत, पान गळून सांगाडा उघडा पडला की झाडाखाली उभं राहून नीट बघा. दोन शेंडे बरोबरीनं वर चालले असतील तर एक काढा, अंगठ्याएवढा जाड असतानाच. इंग्रजी व्हीसारखा अरुंद कोन करणारी फांदी काढा, मोकळ्या रुंद कोनाची ठेवा. मुख्य फांद्या खोडावर हात-हातभर अंतरानं आणि वेगवेगळ्या दिशांना हव्यात. खालच्या बारीक फांद्या मात्र लगेच साफ करू नका, त्यांचे शेंडे खुडून दोन-तीन वर्षं राहू द्या. खोड त्यांच्यामुळे जाड होतं. चौथ्या वर्षापर्यंत जमिनीपासून अडीच मीटर खोड मोकळं झालं की पुरे, खालून माणूस आणि गाडी जाते.

कापताना फांदीच्या बुडाशी जो फुगीर पट्टा असतो तो शाबूत ठेवून त्याच्या लगेच बाहेर कापा. खुंटी ठेवली तर ती कुजते, खोडालगत चाटून कापलं तर जखम भरत नाही. डांबर, रंग लावायची गरज नाही. आणि पावसात करवत लावायची नाही, बुरशी थेट जखमेत शिरते. झाड मोठं झाल्यावर नारळ पाडणारा पाडेली वर चढवाल, चढण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, पण कोयता खाली ठेवायला सांगा. कोयत्यानं सपासप टोकं उडवली की त्या प्रत्येक खुंटीतून दहा कमकुवत फांद्या फुटतात, आणि दोन वर्षांत झाड आधीपेक्षा धोकादायक होतं. हातात करवत द्या, कोणती फांदी कुठं कापायची ते खालून दाखवा, आणि एका वर्षात चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त माथा काढू देऊ नका.

रोगराई फार नाही. दुबेळक्यात, म्हणजे दोन फांद्या फुटतात तिथं, जाळ्यासारखी भुशाची पट्टी दिसली तर साल खाणारी अळी आहे. जाळी खरवडून काढा, खाली भोक सापडेल, त्यात तार घाला, रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस कोंबून वर चिखल लावा. मोठ्या झाडाच्या बुडाशी लाकडासारखी कडक, तपकिरी चकचकीत बुरशीची छत्री उगवली तर प्रकरण गंभीर आहे. आतलं लाकूड आणि मुळं कुजायला लागली आहेत. वर पाला हिरवागार असला तरी फसू नका, जाणकाराला दाखवा. घरावर पडेल अशा जागी असलेलं झाड तसंच ठेवण्यात अर्थ नसतो.

पण तोडायचं म्हटलं तरी उद्या उठून तोडता येत नाही. गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली स्वतःच्या आवारातलं झाड पाडायलाही वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. जागा निवडताना मी एवढा हट्ट धरतो तो यामुळेही.

राहिली फुलं. बियाच्या झाडाला पाचव्या वर्षाआधी अपेक्षा ठेवू नका, काही झाडं आठ-दहा वर्षंही घेतात. बियाच्या झाडांत रंगही थोडा इकडेतिकडे होतो, कुणी लालभडक, कुणी नारिंगीकडे झुकलेलं. सातव्या-आठव्या वर्षीही कळी दिसली नाही तर दोन गोष्टी तपासा. एक, वर आठ तास थेट ऊन मिळतंय का. दुसरी, उन्हाळ्यात घरच्या सांडपाण्याची किंवा बागेच्या नळाची ओल तिथं पोचतेय का. गुलमोहराला कोरडा उन्हाळा लागतो. भर मार्चमध्ये पाला हिरवा दिसत असेल तर ती शाबासकी समजू नका, पाण्याची वाट शोधून बंद करा. पुढच्या एक-दोन मे महिन्यांत बहुतेक वेळा फरक पडतो.

यंदा मे उलटून गेला असेल तर खड्ड्याची घाई करू नका. आत्ता कोपरा मोजून खुंट मारा, पावसात त्या जागी पाणी कसं वाहतं ते बघून ठेवा, आणि मार्चमध्ये बी पिशवीत पेरा.